थंडीत सीसीपेक्षा वॅट बघा

'सप्टेंबरअखेर लेहला जायचं तर मोठ्या इंजिनाचीच मोटारसायकल घ्या, ऊब मिळते' हे इथल्या चर्चेतलं मत मला अर्धंच पटलं. ऊब मिळते ती पोटऱ्यांना, आणि गाडी हाताबाहेर जाते ती बोटं बधिर झाल्यावर. मनाली-लेह रस्त्यावरच्या जिस्पाहून पहाटे निघून बारालाचा खिंड चढताना ब्रेकच्या लिव्हरवर बोटं आहेत की नाहीत हेच मला कळेना. शेवटी थांबून दहा मिनिटं हात काखेत धरून बसलो. हवा ५ अंशांची असली तरी ताशी ६० च्या वेगात ती उणे २ सारखी लागते. म्हणून आधी उंच काच आणि बोटं पूर्ण झाकणारे हँडगार्ड बघा. नुसत्या हीटेड ग्रिपनं, म्हणजे हँडलच्या विजेवर गरम होणाऱ्या मुठींनी, तळवे शेकतात, बोटांची बाहेरची बाजू गारच राहते.

अल्टरनेटरबद्दल, म्हणजे इंजिनाच्या जोरावर गाडीची वीज बनवणाऱ्या भागाबद्दल, मात्र इथे अजून कुणी लिहिलेलं नाही. ग्रिपची जोडी साधारण ३०-४० वॅट खाते, गरम जॅकेट त्याच्या दुपटीच्या आसपास. वर जादा दिवे लावले की घाटातल्या गर्दीत, इंजिन हळू फिरत असताना, बॅटरी भरण्याऐवजी उतरायला लागते. शोरूममध्ये मायलेज विचारतो तसं अल्टरनेटर किती वॅटचा तेही विचारा, आणि ग्रिप रिलेवरून (विजेनं चालू-बंद होणारा स्विच), इग्निशन चालू असतानाच वीज मिळेल अशाच जोडून घ्या.