तेल मिसळलं की बुरशीनाशक पानात जास्त शिरतं का?

मोसंबीवाला_जालना: मंडळी, दुकानदार म्हणाला बुरशीनाशकात मिनरल ऑइल टाका, औषध चांगलं लागतं. मी कॅप्टन नावाच्या बुरशीनाशकात टाकून फवारलं, चार दिवसांत कोवळ्या पानांच्या कडा करपल्या आणि तपकिरी ठिपके पडले. असं का झालं?

बांधावरचा: अहो, कॅप्टन आणि तेल एकत्र? ते कधीच नाही करायचं! पानावर मेणाचा थर असतो, तेल त्यातून वाट करून देतं. कॅप्टन हे पानाच्या वरच राहून काम करणारं औषध, ते आत शिरलं की पेशीच मरतात. डायफेनोकोनाझोलसारखी आंतरप्रवाही (पानात शिरून आतून काम करणारी) औषधं आत जायलाच हवीत, तिथे तेलाचा फायदा होतो.

केळीकर: बरोबर. आमच्याकडे केळीवरच्या करपा या बुरशीच्या रोगाला प्रोपिकोनाझोल या आंतरप्रवाही औषधामध्ये मिनरल ऑइल घालूनच मारतात, केळीच्या पानावर नुसतं पाणी टिकतच नाही, घरंगळून जातं.

बांधावरचा: आणि गंधक मारलं असेल तर पुढे-मागे किमान दोन आठवडे तेल नको, तेही जाळतं. भर उन्हात किंवा बाग पाण्याच्या ताणावर असताना तर नकोच.

मोसंबीवाला_जालना: अरे देवा, मी दुपारी एकलाच मारलंय 😅