चित्रं कमी म्हणजे कामचुकारपणा नव्हे

जपानी ॲनिमेशन अडखळतं कारण ते कामचुकार, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. सेकंदाला २४ फ्रेम जपान आणि अमेरिका दोन्हीकडे. डिस्नेच्या हाताने काढलेल्या चित्रपटांत एक चित्र बहुधा दोन फ्रेम टिकतं, वेगवान हालचालीत एकच. जपानी मालिकांत बरेचदा तीन, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. १९६३ साली चित्रकार ओसामू तेझुकांच्या 'ॲस्ट्रो बॉय' या टीव्ही मालिकेला दर आठवड्याला भाग द्यायचा होता, तिथून हे रुळलं. वाचलेली मेहनत मारामारीच्या दृश्यांत ओततात. आवाजही बहुतेकदा चित्रांनंतर, म्हणून ओठांची नुसती उघडझाप. अमेरिकेत आधी आवाज, मग ओठ.

कार्टून फक्त लहान मुलांसाठी का, असं म्हणाल तर जपानमध्ये मांगा (कॉमिक्स) मासिकंच वयानुसार वेगळी: शोनेन किशोरांसाठी, सेइनेन मोठ्यांसाठी. आणि हो, अमेरिकेतलं 'फ्लिंटस्टोन्स' हे कार्टूनही १९६० मध्ये रात्रीच्या प्राइम टाइमलाच लागायचं, तेही काटकसरीच्याच ॲनिमेशनमध्ये!