रॉक ऑफ एजेस: गाणी सगळी भारी, स्टार एवढे, मग पिक्चर मनात का राहत नाही?

मामा_कोथरूड

मंडळी प्रश्न जरा लांब आहे, वाचा प्लीज. भाची नववीत आहे, गिटार शिकतीये, आणि रील्समधून तिला जर्नी बँडचं ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ सापडलं, आता दिवसभर तेच चालू असतं. मला एवढा आनंद झाला की विचारू नका, कारण आपल्याला ज्या गाण्यांनी वेड लावलं ती पुढच्या पिढीला आपोआप आवडावीत ही किती मोठी गोष्ट आहे. तर तिला घेऊन ‘रॉक ऑफ एजेस’ बघितला, २०१२ चा, अ‍ॅडम शँकमनने केलेला. टॉम क्रूझ, कॅथरिन झेटा-जोन्स, अ‍ॅलेक बाल्डविन, रसेल ब्रँड, पॉल जियामाटी, ब्रायन क्रॅन्स्टन, मेरी जे. ब्लाइज, म्हणजे एकेकाच्या नावावर वेगळा पिक्चर चालेल अशी माणसं, आणि वर गाणी गन्स अँड रोझेस, डेफ लेपर्ड, बॉन जोव्ही, फॉरेनर, पॉइझन, व्हाइटस्नेकची.

बघताना दोघांनाही मजा आली. पण दुसऱ्या दिवशी भाचीला विचारलं काय आवडलं तर म्हणाली गाणी, आणि कुठला सीन तर तिला एकच आठवला, बाल्डविन आणि ब्रँडचा. माझंही तेच. तेव्हापासून डोक्यात आहे की एवढा मालमसाला असून असं का व्हावं. क्रूझ खरंच स्वतः गायलाय का? मूळ नाटक बघितलेलं कोणी आहे का इथे, ते असंच होतं का? आणि मुख्य म्हणजे तिला पुढे काय दाखवू, काय ऐकवू?

सनसेट८७

आधी सोपं उत्तर, हो, क्रूझ स्वतः गायलाय, सगळेच स्वतः गायलेत. क्रूझ रॉन अँडरसन नावाच्या व्होकल कोचकडे शिकला, ज्याने गन्स अँड रोझेसचा गायक अ‍ॅक्सल रोझलाही शिकवलंय. आणि मला विचाराल तर पिक्चरमधली सगळ्यात प्रामाणिक मेहनत क्रूझचीच आहे. त्याचं स्टेसी जॅक्स हे पात्र म्हणजे यशाने आतून पोकळ झालेला रॉकस्टार, ‘वॉन्टेड डेड ऑर अलाइव्ह’ मध्ये त्याच्या चेहऱ्यावर जो थकवा आहे ना तो गाण्यातच आहे मुळात, बॉन जोव्हीने १९८६ मध्ये ते सततच्या दौऱ्यांना कंटाळलेल्या माणसाचंच लिहिलंय. तिथे गाणं आणि पात्र एकमेकांना बरोबर भेटतात.

नाटकाबद्दल. मी न्यूयॉर्कला नोकरीला होतो तेव्हा ब्रॉडवेवर बघितलंय. २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका क्लबात सुरू झालं, २००९ ला ब्रॉडवेवर आलं आणि २०१५ च्या जानेवारीपर्यंत चाललं, २३२८ प्रयोग. लिहिलंय क्रिस डी’अरिएन्झोने. आणि नाही, ते पिक्चरसारखं अजिबात नव्हतं. नाटकात लॉनी, म्हणजे पिक्चरमध्ये रसेल ब्रँड जे करतो ते पात्र, हा निवेदक आहे, थेट प्रेक्षकांशी बोलतो, एका ठिकाणी तर हिरोला सांगतो की अरे तू एका म्युझिकलमधलं पात्र आहेस. बँड पूर्ण वेळ स्टेजवर, तुमच्या डोळ्यासमोर वाजवतोय. त्यामुळे गोष्ट साधी असली, मुलगा-मुलगी-क्लब वाचवा एवढीच, तरी कोणाची तक्रार नसते, कारण नाटक पहिल्या मिनिटापासून सांगतं की आपण सगळे मिळून या गाण्यांचा उत्सव करायला जमलोय. पिक्चरने तो निवेदक काढला, जिवंत बँड गेला, आणि राहिली ती नुसती साधी गोष्ट. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

रिफराणी

उरलेलं अर्धं मी सांगते. गाणी कापलीयेत. सुरुवातीला बसमधल्या सीनला ‘सिस्टर क्रिश्चन’ सुरू होतं, ते नीट रंगायच्या आत ‘जस्ट लाइक पॅराडाइस’, मग लगेच ‘नथिन बट अ गुड टाइम’. ‘ज्यूकबॉक्स हिरो’ आणि ‘आय लव्ह रॉक अँड रोल’ एकात एक. ‘मोअर दॅन वर्ड्स’ मध्ये ‘हेवन’ घुसवलंय. पिक्चरच्या संगीतात अ‍ॅडम अँडर्स होता, जो ‘ग्ली’ मालिकेचं संगीत करायचा, आणि ती सवय सगळीकडे ऐकू येते, सगळ्यांचे आवाज इस्त्री केल्यासारखे सपाट. अहो या गाण्यांचा जीवच मुळात त्या खरखरीत आहे! रॉक गाणं म्हणजे नुसते शब्द आणि चाल नाही, त्यात गिटारचा टोन आहे, स्नेअर ड्रमचा तो हॉलभर घुमणारा फटका आहे, कोरसला चार जण ओरडतात तो दणका आहे, तो काढला की उरतं ते कराओके.

आणि ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ चंच बघा, भाचीचं आवडतं. १९८१ चं गाणं, चार मिनिटांच्या थोडं वर, आणि ज्या ओळीमुळे जग ते ओळखतं ती ओळ तिनेक मिनिटं उलटून गेल्यावर येते. तोपर्यंत नुसतं चढत जातं, आधी पियानो, मग गिटारची ती धावती ओळ, मग ड्रम्स, आणि गायक स्टीव्ह पेरी एवढा वेळ थांबवून ठेवतो म्हणून कोरस आल्यावर अंगावर काटा येतो. जर्नीचा कीबोर्डवाला जोनाथन केन लॉस एंजेलिसमध्ये धडपडत होता तेव्हा वडील त्याला फोनवर हेच वाक्य सांगायचे, धीर सोडू नकोस म्हणून. आणि गाण्यातली ती रस्त्यावरची माणसं म्हणजे सनसेट बुलेव्हार्डवरचीच, म्हणजे पिक्चर जिथे घडतो तोच रस्ता! एवढी खरी गोष्ट हाताशी असताना पिक्चरमध्ये दाखवलंय की हे गाणं ड्रूने, म्हणजे पिक्चरच्या हिरोने, लिहिलं. त्याचं मला वाईट वाटतं.

भाचीला हे सगळं सांगा आणि मग मूळ गाणं हेडफोनवर पूर्ण ऐकवा, मधे बोलू नका.

मामा_कोथरूड

वा, वडिलांच्या फोनचं माहीत नव्हतं, आजच सांगतो तिला.

डोंबिवली_डेसिबल

मी जरा दुसऱ्या बाजूने बोलतो. पिक्चरला एवढं झोडू नका. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये अर्ध्या लोकांना रॉक म्हणजे आरडाओरडा वाटायचा, त्यातल्या दोघांनी हा पिक्चर बघून व्हाइटस्नेक आणि फॉरेनर शोधून ऐकलं, आजही ऐकतात. दार उघडायचं काम तर केलंच ना. खर्च साडेसात कोटी डॉलर आणि जगभरातून सहा कोटीसुद्धा आले नाहीत, म्हणजे पडलाच, पण पडला म्हणून त्यात काही नाही असं नाही.

तुम्ही म्हणताय तो बाल्डविन-ब्रँडचा सीन का राहिला माहितीये का? कारण तिथे गाणं पूर्ण वेळ घेतं. ‘कान्ट फाइट धिस फीलिंग’ हे आर.ई.ओ. स्पीडवॅगनचं गाणं, १९८५ मध्ये अमेरिकेत एक नंबरला होतं. मनातलं सांगायचंय पण किती दिवस दाबून ठेवलंय, असं ते गाणं. हजार वेळा मुलगा-मुलगीच्या प्रेमाला वापरलेलं, आणि इथे क्लब चालवणारे दोन पुरुष एकमेकांना ते सांगतात. शब्द एकही बदलला नाही पण अर्थ नवा झाला. लोक हसतात पण मला ते हसण्यावारी न्यावंसं वाटत नाही, दोघं फार मनापासून गायलेत. ज्यूकबॉक्स म्युझिकलने, म्हणजे आधीच गाजलेल्या गाण्यांवर रचलेल्या संगीतिकेने, नेमकं हेच करायचं असतं, ओळखीचं गाणं अशा माणसाच्या तोंडी द्यायचं की आपल्याला वाटावं अरे हे आधी कसं सुचलं नाही. बाकी ठिकाणी पिक्चर गाणं फक्त वाजवतो, इथे ते बोलतं. आणि ज्याने हे गाणं लिहिलं तो केव्हिन क्रोनिन पिक्चरच्या मोर्च्याच्या सीनमध्ये गर्दीत उभा आहे, बघा परत, तिथे एक्स्ट्रीम बँडचा गिटारवाला नुनो बेटनकोर्ट, आणि सबॅस्टियन बाख, डेबी गिब्सन हे त्या काळचे गायक पण आहेत.

सनसेट८७

मोर्च्याचा विषय काढलात म्हणून. झेटा-जोन्सचं पात्र नाटकात नाहीच, नाटकात क्लब पाडायला जर्मन बिल्डर बाप-लेक येतात. पिक्चरने त्याऐवजी महापौराची बायको आणली जी रॉकविरुद्ध आयांना एकत्र करते, आणि ही कल्पना खरंतर नाटकापेक्षा चांगली होती कारण ती खऱ्या इतिहासातून येते. १९८५ मध्ये अमेरिकेत टिपर गोर आणि वॉशिंग्टनमधल्या बड्या लोकांच्या बायकांनी पी.एम.आर.सी. नावाची संघटना काढली, पंधरा ‘वाईट’ गाण्यांची यादी केली, आणि १९ सप्टेंबरला सिनेटपुढे सुनावणी झाली. संगीतकार फ्रँक झप्पा आला, गायक जॉन डेन्व्हर आला, आणि ट्विस्टेड सिस्टर बँडचा गायक डी स्नायडर बिनबाह्यांच्या डेनिममध्ये, तसेच मोकळे केस सोडून आला आणि शांतपणे मुद्देसूद बोलला, त्याला खिजवायला बसलेल्यांना काय करावं कळेना. त्याचं ‘वुइ आर नॉट गोना टेक इट’ त्या पंधरात होतं. कॅसेटवर ‘पॅरेंटल अ‍ॅडव्हायझरी’ चं लेबल येतं ना ते तिथूनच आलं.

आता पिक्चरमध्ये काय आहे तर त्या आया मोर्च्यात तेच गाणं गातात, आणि समोरून रॉकवाले ‘वुइ बिल्ट धिस सिटी’. ज्या गाण्याविरुद्ध ते लोक उठले होते तेच त्यांच्या तोंडी! केवढी ताकदीची कल्पना आहे ही, मी थिएटरमध्ये खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. पण मग (ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढची ओळ सोडा) कळतं की या बाईंचा राग म्हणजे जॅक्सबरोबरचं जुनं प्रकरण. संपला विषय. गाण्यांवर कोणाचा हक्क, मुलांनी काय ऐकावं हे कोणी ठरवावं, हा खरा वाद होता आणि त्याचं खासगी सूडात रूपांतर केलं. मला अजून राग येतो त्याचा.

रिफराणी

हो हो, आणि ‘आय वॉन्ट टू नो व्हॉट लव्ह इज’! फॉरेनरने १९८४ मध्ये मागे अख्खा चर्चचा कॉयर घेऊन केलेलं गाणं, जवळजवळ प्रार्थनाच आहे ती, आणि इथे ते पोट धरून हसायच्या सीनला वापरलंय. क्रूझ चांगला गायलाय तरी मला ते बघवलं नाही.

मामा, पुढे काय दाखवायचं तर ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ दाखवा, ज्युली टेमोरचा, २००७. सगळी गाणी बीटल्सची, गोष्ट साठच्या दशकातली, लिव्हरपूलचा मुलगा आणि अमेरिकेतली मुलगी आणि व्हिएतनाम. यात पण मोठी नावं आहेत, बोनो, जो कॉकर, सलमा हायेक, पण छोट्या छोट्या भूमिकांत. त्यात ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ एक चिअरलीडर मुलगी एकदम हळू लयीत म्हणते, मैदानाच्या कडेने चालत, दुसऱ्या मुलीकडे बघत, आणि ते उड्या मारायचं गाणं एकदम न सांगता येणाऱ्या प्रेमाचं होतं. ‘आय वॉन्ट यू’ सैन्यभरतीच्या पोस्टरमधला अंकल सॅम म्हणतो. ‘लेट इट बी’ डेट्रॉइटच्या १९६७ च्या दंगलीत मेलेल्या लहान मुलासाठी. डोंबिवली म्हणतायत ते ‘गाणं बोलतं’ ते इथे जागोजागी आहे. मधे थोडा भरकटतो, सर्कसचा भाग मला लांबलेला वाटतो, पण भाचीला आवडेल.

डोंबिवली_डेसिबल

+१. आणि बीटल्सच्याच गाण्यांवरचा, त्याच्या आधीचा १९७८ चा ‘सार्जंट पेपर्स’ मात्र मुद्दाम शोधू नका. बी जीज, पीटर फ्रॅम्प्टन, एरोस्मिथ, अ‍ॅलिस कूपर, स्टीव्ह मार्टिन, संगीताला खुद्द बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन, तरी जमला नाही. पात्रं बोलतच नाहीत, फक्त जॉर्ज बर्न्स गोष्ट सांगतो. त्यातलं अर्थ, विंड अँड फायरचं ‘गॉट टू गेट यू इंटू माय लाइफ’ तेवढं ऐका, ते जबरदस्त आहे, कारण त्यांनी बीटल्सची नक्कल न करता गाणं आपल्या ढंगात घेतलं.

एकहाती_ताल

मी ड्रम्स शिकवतो म्हणून ऐकवायच्या बाजूचं सांगतो. नववीतली मुलगी गिटार शिकतीये तर तिला पॉइझनचं ‘एव्हरी रोझ हॅज इट्स थॉर्न’ लगेच हाताला येईल, जी आणि सी-अ‍ॅड-नाइन हे दोन कॉर्ड जमले की बहुतेक गाणं झालंच, फक्त रेकॉर्डबरोबर वाजवायचं तर गिटार अर्धा सूर खाली लावा नाहीतर जुळणार नाही आणि तिला वाटेल आपलंच चुकतंय. पिक्चर घडतो १९८७ मध्ये आणि हे गाणं आलं १९८८ ला, ते असू दे. त्यानंतर ‘मोअर दॅन वर्ड्स’, एक्स्ट्रीमचं. त्यात ड्रम्स नाहीत, नुनो उजव्या हाताने तारांवरच थाप मारून ठेका धरतो, ती थाप यायला वेळ लागतो पण एकदा आली की आयुष्यभर उपयोगी पडते. घाई करू देऊ नका, आधी नुसती थाप, मग कॉर्ड.

आणि ‘पोर सम शुगर ऑन मी’ क्रूझचं ऐकलंय ना, आता डेफ लेपर्डचा ‘हिस्टीरिया’ अख्खा अल्बम ऐकवा. १९८४ च्या ३१ डिसेंबरला ड्रमर रिक अ‍ॅलनचा कार अपघात झाला, डावा हात गेला. बँडने दुसरा ड्रमर घेतला नाही. त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक किट बनवलं, डाव्या हाताचं काम डाव्या पायाच्या पेडल्सवर आणलं, आणि अल्बम १९८७ ला आला. ‘शुगर’ तर अगदी शेवटी, काम संपत आलेलं असताना सुचलं. माझ्याकडे येणारी मुलं जेव्हा म्हणतात सर नाही जमत, तेव्हा मी त्यांना रिक अ‍ॅलनचा लाइव्ह व्हिडिओ लावून देतो, काही बोलत नाही.

एक सूचना पालक म्हणून, ‘रॉक ऑफ एजेस’ ची एक्स्टेंडेड आवृत्ती पण असते, त्यात क्रूझ आणि हिरोईन ज्युलियन हफचं ‘रॉक यू लाइक अ हरिकेन’ आहे, ती मुलांबरोबर बघायची नाही.

मामा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आम्ही बघितला तो साधाच होता. शनिवारी ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ ठरलाय, ताई पण येतीये बघायला. केनच्या वडिलांचं सांगितलं तर भाची म्हणाली मग पियानोची सुरुवात मला गिटारवर बसवून दे. एकहाती, ती एका गिटारवर बसेल का हो, डाव्या हाताचा बास आणि वरची चाल दोन्ही?

एकहाती_ताल

बसेल की. ई मेजरमध्ये आहे, बासचे सूर अंगठ्याने, वरची चाल बाकी बोटांनी. आधी नुसता अंगठा चालवायला सांगा, मेट्रोनोम साठवर लावून. मूळ वेग एकशे वीसच्या आसपास आहे, तिथे पोचायची घाई नाही.