बाबांना सीएमएल (एक रक्ताचा कॅन्सर) निघालाय, हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारांचे डॉक्टर) कुठे गाठू?

आम्ही लातूरचे. बाबा ५८. पोट डाव्या बाजूला जड लागतं म्हणून सीबीसी केली, तर पांढऱ्या पेशी १,४०,०००! पाणथरी वाढलीय. फॅमिली डॉक्टर म्हणाले, सीएमएल दिसतोय, हिमॅटॉलॉजिस्ट गाठा. गावातल्या लॅबच्या पाटीवरही ‘हिमॅटॉलॉजी’ आहे. तिथेच जाऊ का?

– लॅबवाले तपासतात, उपचार करत नाहीत. डॉक्टरांच्या नावापुढे ‘डीएम क्लिनिकल हिमॅटॉलॉजी’ बघा. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टही चालतो. पुण्यात मिळतील, नाहीतर थेट टाटा, परळ. माझी आई याच आजारासाठी इमॅटिनिबवर आहे; रोजची गोळी, सकाळी पोहे खाल्ल्यावर मोठा ग्लासभर पाणी. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ ठरलेली.

– बीसीआर-एबीएल ही रक्ताची जनुकीय तपासणी झाली का? निदान त्यावरच पक्कं होतं. जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका, लॅबकडून रक्ताची स्लाइडही मागून घ्या. द्यायला कुरकुर करतात, हटू नका. आणि हो, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर लागतात.

– धन्यवाद ताई, दादा. बीसीआर-एबीएलचं रक्त आजच दिलं. बाबा विचारतायत, शेतावर जाऊ का?

– ते डॉक्टरांनाच विचारा. पाणथरी वाढलेली असताना पोटाला मार बसायला नको, तोवर ओझी उचलू देऊ नका.