मदत हवी आहे: गायन आणि पेटी एकमेकांवर चढतात, कोणता ईक्यू (आवाजातल्या ठरावीक पट्ट्या कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर) घ्यावा?

मंडळी, ठाण्यात नौपाड्यात घरीच भजनांचं मिक्सिंग करतोय. बाईंचा आवाज, पेटी, तबला, टाळ, सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर आहे. रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, विंडोज लॅपटॉप, ८ जीबी रॅम. स्टुडिओ मॉनिटर (मिक्सिंगचे स्पीकर) नाहीत, हेडफोनच.

बाईंच्या आवाजावर रीपरचाच ईक्यू, रीईक्यू, लावून ९० हर्ट्झखालचं कापलं. खिडकीतून येणारी लोकलची घरघर गेली, तिथे तक्रार नाही. खरी अडचण पेटीची. पेटी गाण्याच्या मागोमाग तेच सूर वाजवते, त्यामुळे शब्द बुडतात. पेटीचे २.५ किलोहर्ट्झपाशी ४ डेसिबल कमी केले तर शब्द स्वच्छ येतात, पण बाई थांबल्या की मधल्या तुकड्यात पेटी गोधडीखाली वाजल्यासारखी लागते. नुसता बाईंचा आवाज वाढवला तर 'स' कानात टोचतो. पेटीचा फेडर (आवाजाची पट्टी) ऑटोमेशनने, म्हणजे ठरवलेल्या जागी आपोआप, वरखाली करून पाहिला, तो चढउतार लगेच कळतो.

म्हणजे गाणं चालू असतानाच पेटीचा तेवढा पट्टा दबायला हवा. टीडीआर नोव्हा हा डायनॅमिक ईक्यू (आवाज वाढला की तेवढ्यापुरता पट्टा दाबणारा) फुकट आहे, उतरवलाय. फॅबफिल्टर प्रो-क्यू या विकतच्या ईक्यूची चाचणी आवृत्ती वापरली, काम झालं, पण बजेट चार हजारांपर्यंतच. परत रेकॉर्डिंग शक्य नाही, बाई गावी गेल्या. क्रॅक (चोरीची प्रत) सुचवू नका, प्लीज.

नोव्हाला गायनाचा साइडचेन देऊन (म्हणजे पेटीवरचा ईक्यू गायनाच्या ट्रॅकवरून चालवून) कोणी पेटी दाबली आहे का? थ्रेशोल्ड (कोणत्या पातळीपासून दाबायचं), अटॅक (किती लवकर दाबायचं), रिलीज (किती वेळात सोडायचं) साधारण किती ठेवता? आणि त्याने भागत नसेल, तर या बजेटमध्ये दुसरा कोणता डायनॅमिक ईक्यू घेऊ?