साठीनंतर घटस्फोट न घेता वेगळे राहता येते का?

प्रश्न : आईबाबांचे आता अजिबात पटत नाही, ताटेसुद्धा वेगवेगळ्या वेळी वाढली जातात. तरीही घटस्फोट दोघांनाही नको आहे. दुसरा मार्ग कोणता?

उत्तर १ : हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 10 खाली न्यायिक विभक्तता मागता येते. त्यात विवाह कायम राहतो, सहवासाचे बंधन तेवढे सुटते. मात्र कारणे घटस्फोटासारखीच सिद्ध करावी लागतात.

उत्तर २ : मग कोर्टाची पायरी कशाला चढायची? संमतीने वेगळे राहू द्या, पण आईंच्या खर्चाची रक्कम लेखी करारात घाला, कारण परस्पर संमतीने विभक्त राहणाऱ्या पत्नीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली पोटगी मिळत नाही.

प्रश्नकर्ता : बाबा गावच्या घरी जायला तयार आहेत. करारात आईच्या औषधांचा खर्चही वेगळा लिहून घेतो.