खिडक्यांच्या दिव्यांतून निरोप: तुमचे अनुभव सांगा

गिरणगावकरीण: कथा लिहितेय. नायिका समोरच्या टॉवरच्या खिडक्या उजळवून नवऱ्याला ‘परत ये’ असं कळवते. लिहिताना लालबागची मावशी आठवली. ती पलीकडच्या चाळीत राहायची. मध्यरात्री नळाला पाणी आलं की मोरीचा दिवा दोनदा उघडझाप करायची आणि आई हंडे घेऊन उठायची. हाक मारायची सोय नव्हती, दिवसपाळीवाले झोपलेले असत. तुमच्याकडे असं काही? मला खरंच हवंय.

सांजवात: आमच्याकडे अजूनही पहाटेच पाणी येतं 😭

स्प्रेकाठी: बर्लिन, अलेक्झांडरप्लाट्झ. २००१ च्या सप्टेंबरात केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर्सच्या संघटनेने आपल्या विसाव्या वाढदिवसाला एका रिकाम्या उंच इमारतीचा पडदाच केला होता. आठ मजले, प्रत्येकी १८ खिडक्या, म्हणजे १४४ ठिपके. मोबाइलवरून पाँग हा जुना व्हिडिओ गेम खेळता यायचा, प्रेमपत्रंही झळकायची. मी तिथे शिकत होते, थंडीत कुडकुडत बघत उभी राहायचे.

अक्षरवेडा: १८ खिडक्यांत रोमन अक्षरं चारच बसतील, एकेकाला रुंदीत तीन खिडक्या आणि मध्ये एक काळी. देवनागरीत मात्रा-वेलांटीला वर एक-दोन मजले जादा लागतात. ‘परत’ सरळ बसेल. ‘ये’ची मात्रा गच्चीवर जाईल 😄

मोगरा७: बाबा ऐंशीच्या दशकात मॉस्कोला शिकायला होते. कालिनिन प्रॉस्पेक्टवरच्या उंच इमारतींवर सणाला खिडक्यांच्या दिव्यांनी सोव्हिएत संघाची आद्याक्षरं उमटायची, एका इमारतीवर एक अक्षर. तो रस्ता दिसेल असा फोटो ते अजून जपून आहेत.

रेवाची आई: कोविडमध्ये धाकट्या दिरांना समोरच्या विंगमध्ये वेगळं ठेवलं होतं. फोनवर बोलताना धाप लागायची. रोज नऊला बाथरूमचा दिवा तीनदा, म्हणजे ताप नाही. एका रात्री दिवा दोनदाच लागला आणि सासूबाई रात्रभर खिडकीतून हलल्या नाहीत.

गिरणगावकरीण: @रेवाची आई बाई गं. आता कसे आहेत?

रेवाची आई: ठणठणीत. परवाच पुरणपोळ्या चापून गेले.

सांजवात: कटाची आमटी केलीत का? माझी नेहमी पांचट होते

रेवाची आई: कट दाट ठेवा, गोडा मसाला शेवटी.

वायरमन: ताई, टॉवर ऑफिसचा असेल तर मजल्याचे बरेचसे दिवे एकाच पॅनलवर असतात, खिडकीगणिक बटण नसतं. सगळे चालू ठेवा, नको तिथले पडदे ओढायला लावा. वॉचमनला सोबत घ्या, त्याच्याशिवाय तिला वर कोण सोडणार?

गिरणगावकरीण: वॉचमन! तोच हवा होता. आज रात्री तिथूनच पुढे लिहिते.